श्रिंक शीटवर रबरी शिक्के : लटकने करणाऱ्यांसाठी साहित्याचा आढावा

श्रिंक शीट या नावाने मिळणारे, तापवल्यावर आकसणारे पातळ प्लास्टिक आपल्याकडे सहसा मुलांच्या रंगकामाचे साहित्य म्हणून विकले जाते आणि त्यामुळे त्यात किती नाजूक काम होऊ शकते हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. माझ्या मते या शीटचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतात ते रबरी शिक्क्यांच्या जोडीने. कारण चांगल्या कोरलेल्या शिक्क्याचा ठसा ओव्हनमध्ये आकसला की इतकी बारीक आणि काळीभोर रेघ मिळते, की तेवढ्या आकारात ती हाताने काढणे जवळपास अशक्य आहे. मात्र दुकानात दिसेल ती शीट, हाताशी असेल ती शाई आणि आवडेल तो शिक्का असा मेळ जमत नाही. नव्याने हात घालणाऱ्यांची निराशा होते ती येथेच, म्हणून या तिन्ही वस्तूंबद्दल थोडे सविस्तर लिहितो आहे.

ही शीट पॉलिस्टायरीनची असते. थर्माकोल ज्या प्लास्टिकपासून फुगवून तयार करतात, तेच हे प्लास्टिक. फक्त येथे ते गरम करून उभे-आडवे ताणलेले असते आणि ताणलेल्या अवस्थेतच थंड केलेले असते. सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या वर तापले की आत अडकलेला ताण सुटतो आणि शीट मूळ आकाराकडे परत जाते. वस्तुमान तेवढेच राहत असल्यामुळे क्षेत्रफळ जितक्या पटीने घटते, तितक्या पटीने जाडी वाढते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात १९७३ मध्ये बेटी मॉरिस आणि कॅथरीन ब्लूमबर्ग या दोघींनी मुलांच्या उपक्रमासाठी हे प्लास्टिक वापरले आणि त्यातूनच ‘श्रिंकी डिंक्स’ हा खेळ बाजारात आला. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठातील मिशेल खाइन यांनी याच शीटवर प्रिंटरने रेघा उमटवून त्या आकसवल्या आणि सूक्ष्म नलिकांची प्रयोगशाळेतील उपकरणे घडवली. रेघ आकसताना तिचा नेमकेपणा टिकतो, हा या प्लास्टिकचा सर्वांत मोठा गुण आहे आणि शिक्क्यांच्या कामात आपल्याला उपयोग होतो तो त्याचाच.

आता शीट निवडण्याबद्दल. गुळगुळीत पारदर्शक, एका बाजूने खरखरीत केलेली धुरकट, पांढरी अपारदर्शक, काळी आणि इंकजेट प्रिंटरसाठी लेप दिलेली, असे प्रकार मिळतात. शिक्क्यांसाठी यांपैकी धुरकट शीट नि:संशय उत्तम. तिच्या खरखरीत बाजूवर शाई पकडते, रंगीत पेन्सिलही चालते आणि भाजल्यानंतर ती पुरेशी पारदर्शक होत असल्यामुळे चित्र मागच्या गुळगुळीत बाजूनेही छान दिसते. पारदर्शक शीटवर शिक्का टेकवताच जरासा सरकतो आणि ठशाच्या कडा फाटतात. इंकजेटची शीट महाग असते आणि तिच्यावरचा लेप शिक्क्यांच्या दृष्टीने निरुपयोगी आहे. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवलेल्या पाकिटावर ‘धुरकट’ असे छापलेले असूनही आतल्या शीट दोन्ही बाजूंनी गुळगुळीत निघाल्या. असे झाल्यास ३२० ते ४०० नंबरचा पॉलिश पेपर आधी उभा आणि मग आडवा, हलक्या हाताने फिरवावा. शीट वापरण्याजोगी होते. गोल गोल घासू नये, कारण ते ओरखडे भाजल्यानंतर ठळक होतात.

शाईच्या बाबतीत मात्र तडजोड करू नये. कार्यालयात शिक्क्यांसाठी वापरतात ती पाण्यावर आधारलेली शाई प्लास्टिकवर थेंबाथेंबाने गोळा होते आणि कितीही वेळ ठेवली तरी बोटाला लागते. प्लास्टिक, काच, धातू अशा न शोषणाऱ्या पृष्ठभागांसाठी बनवलेली द्रावकयुक्त, म्हणजे पाण्याऐवजी चटकन उडून जाणाऱ्या रसायनावर आधारलेली शाईच हवी. त्सुकिनेको या जपानी कंपनीची ‘स्टेझऑन’ ही या प्रकारातली सुपरिचित शाई असून तिचा गर्द काळा रंग मला सर्वाधिक विश्वासाचा वाटतो. ती काही क्षणांत वाळते, भाजल्यावर फिकी पडत नाही आणि मूळच्या काळ्या रेघेला आकसल्यानंतर छापील चित्रासारखी धार येते. किंमत कार्यालयीन पॅडच्या मानाने बरीच जास्त आहे, परंतु झाकण घट्ट लावून ठेवल्यास पॅड दीर्घकाळ टिकते. ही शाई शिक्क्यावरून पाण्याने निघत नाही, तेव्हा तिच्यासोबतचा खास सफाई द्रव घेणे ओघाने आलेच.

शिक्का अस्सल रबराचा आणि खोल कोरलेला असावा. पारदर्शक पॉलिमरचे शिक्के नेमक्या जागी टेकवायला सोयीचे असले, तरी द्रावकयुक्त शाईने ते कालांतराने गढूळ आणि चिकट होण्याचा धोका असतो. कापडछपाईचे लाकडी ठसे येथे कामाचे नाहीत, कारण ताठ प्लास्टिकवर कठीण लाकूड सर्व बाजूंनी सारखे बसत नाही. आपल्याकडे एक चांगली सोय अशी, की तहसील कचेरीच्या किंवा न्यायालयाच्या परिसरात शिक्के करून देणारी दुकाने जवळपास प्रत्येक शहरात असतात आणि आपण काढलेली कोयरी, मोर किंवा तुळशीवृंदावन त्यांच्याकडून शिक्क्यात उतरवून घेता येते. सांगताना आपोआप शाई लागणारा शिक्का नको, मुठीचा साधा रबरी शिक्का हवा, हे स्पष्ट सांगावे.

आरेखन ठरवताना आकसण्याचे गणित आधी मांडावे लागते. बहुतेक शीट मूळ लांबीच्या सुमारे ४० ते ४५ टक्क्यांवर येतात. म्हणजे ५ सेंटिमीटरचा शिक्का दोन ते सव्वादोन सेंटिमीटरचा होतो आणि पाव मिलिमीटरची शीट साधारण सव्वा ते दीड मिलिमीटर जाड होते. दोन रेघांमधले अर्ध्या मिलिमीटरचे अंतर पाव मिलिमीटरहूनही कमी उरते, म्हणून दाट छायारेषांचे शिक्के शेवटी नुसता काळा डाग देतात, तर मोकळ्या रेघांचे शिक्के अप्रतिम उमटतात. कडीसाठीचे भोक भाजण्यापूर्वीच साध्या पंच मशीनने पाडावे. त्याचे ६ मिलिमीटर आकसून अडीचच्या आसपास येतात आणि कडी आरामात जाते. शीट दोन्ही दिशांना अगदी सारखी आकसत नाही, त्यामुळे कानातल्यांच्या जोडीचे दोन्ही तुकडे शीटवर एकाच दिशेने ठेवून कापावेत, नाहीतर एक झुमका गोल आणि दुसरा किंचित लांबट होतो. कोपरे गोलसर कापणेही आवश्यक आहे. टोकदार कोपरा जाड झाल्यावर त्वचेला बोचतो.

रंग भरताना हात आखडता घ्यावा. क्षेत्रफळ पाचव्या हिश्श्यावर आले की रंगाचा थर त्याच प्रमाणात दाट होतो आणि शीटवर फिकट दिसणारा गुलाबी भाजल्यावर चांगला राणी रंग होतो. राखी किंवा दिवाळीच्या भेटवस्तूंसाठी एकाच रंगाची अनेक लटकने हवी असतील, तर त्याच शीटच्या कापातून उरलेल्या पट्टीवर सर्व छटा आधी भाजून पाहाव्यात.

भाजण्यासाठी घरचा ओटीजी पुरतो. मायक्रोवेव्ह चालत नाही. तापमान १५० ते १६५ अंश, ओव्हन आधीच तापलेला, ट्रे मधल्या कप्प्यात आणि तुकड्याखाली बेकिंगसाठीचा बटर पेपर. मेणाचा लेप असलेला कागद येथे वापरू नये. आत ठेवल्यावर अर्ध्या मिनिटात तुकडा भाजत्या पापडासारखा वळतो, कडा एकमेकींकडे झेपावतात आणि आता सगळे बिघडले असे वाटत असतानाच तो हळूहळू उलगडून सपाट होतो. तो मध्येच बाहेर काढण्याचा मोह टाळावा. सपाट झाल्यावर आणखी दहा-पंधरा सेकंद थांबून तुकडा बाहेर काढावा आणि गरम असतानाच बटर पेपर ठेवून त्यावर गुळगुळीत फरशीचा तुकडा दाबून धरावा. क्वचित मोठ्या तुकड्याच्या कडा वळताना एकमेकींना चिकटतात, आणि मग तो वाचत नाही. गरम हवा सोडणाऱ्या हीट गनने तुकडा आकसताना पाहण्याची मजा आहे, पण तुकडा उडतो आणि उष्णता एकाच बाजूला लागते, म्हणून शिक्क्याच्या कामाला मी ओव्हनच सुचवेन. खिडकी उघडी ठेवावी, वास तीव्र आला तर तापमान कमी करावे आणि मुलांना ट्रेला हात लावू देऊ नये.

शेवटचा थर पाण्यावर आधारलेल्या अॅक्रिलिक वॉर्निशचा, ब्रशने, दोन पातळ हातांत द्यावा. द्रावकयुक्त स्प्रे मारला तर काळी शाई पसरते. तयार लटकन रोजच्या वापरात टिकाऊ आहे, पाण्यानेही बिघडत नाही. मात्र अत्तर आणि सॅनिटायझर त्यापासून दूर ठेवावेत, आणि भेट देताना नेलपॉलिश रिमूव्हरबद्दल आवर्जून सांगावे, कारण त्यातले अॅसिटोन पॉलिस्टायरीनच विरघळवते.