‘बॅटलटेक’मधील यंत्रांची नावे : एका संगणकीय खेळाचे परीक्षण

हेअरब्रेन्ड स्कीम्स या अमेरिकी संस्थेने तयार केलेला आणि पॅराडॉक्स इंटरॲक्टिव्हने २४ एप्रिल २०१८ रोजी प्रकाशित केलेला ‘बॅटलटेक’ हा आळीपाळीने चाली करण्याचा, डावपेचांचा खेळ आहे. कथेचा काळ इसवी सन ३०२५, स्थळ मानवी वस्तीच्या सीमेवरचे तारे, आणि खेळाडूच्या हाताखाली चार महाकाय चालत्या युद्धयंत्रांची, म्हणजे ‘मेक’ची, भाडोत्री तुकडी. या खेळाच्या कथेबद्दल आणि अवघडपणाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्याच्या एकाच अंगाचे परीक्षण करायचे आहे, ते म्हणजे यंत्रांची नावे. विज्ञानकथेवर आधारलेल्या बहुतेक खेळांत यंत्राचे नाव कानाला दणकट वाटावे एवढ्यासाठीच असते. येथे मात्र नाव ऐकून खेळाडूला पुढची चाल ठरवता येते, आणि म्हणूनच या नामकरणाकडे खेळाच्या रचनेचा भाग म्हणून पाहिले पाहिजे.

या नावांचे वय खेळापेक्षा बरेच जास्त आहे. जॉर्डन वाइजमन आणि एल. रॉस बॅबकॉक यांनी स्थापन केलेल्या शिकागोच्या फासा या कंपनीने १९८४ साली हा खेळ पटावर आणला तेव्हा त्याचे नाव ‘बॅटलड्रॉइड्स’ होते. ‘ड्रॉइड’ या शब्दावर लुकासफिल्मने हक्क सांगितल्यामुळे पुढच्याच वर्षी दुसऱ्या आवृत्तीत ते ‘बॅटलटेक’ झाले. हेच वाइजमन पुढे २०१८ च्या संगणकीय खेळाच्या निर्मितीतही अग्रभागी होते, आणि जुन्या नावांची शिस्त नव्या माध्यमात शाबूत राहिली त्याचे मोठे कारण मला तेच वाटते.

पटावरच्या त्या पहिल्या खेळातील अनेक यंत्रांची चित्रे ‘मॅक्रॉस’ आणि ‘डगराम’ यांसारख्या जपानी चित्रमालिकांतून परवान्याने घेतलेली होती. चित्रे तयार मिळाली, पण नावे शिकागोत नव्याने ठेवली गेली, आणि ती ठेवताना ज्याने कोणी विचार केला त्याने आधी चित्र नीट पाहिले होते हे जाणवते. ‘मॅक्रॉस’मधील ‘स्पार्टन’च्या दोन्ही खांद्यांवर क्षेपणास्त्रांच्या पेट्या होत्या, म्हणून तो ‘आर्चर’ म्हणजे तिरंदाज झाला. ‘डिफेंडर’चे हात म्हणजे तोफांच्या लांबलचक जोडनळ्या होत्या, म्हणून तो ‘रायफलमन’ झाला. ‘टॉमहॉक’चा ‘वॉरहॅमर’ झाला, कुऱ्हाडीच्या जागी हातोडा आला, आणि हातात धरून घाव घालण्याच्या शस्त्राचे कूळ तेवढे कायम राहिले. पुढे या चित्रांच्या हक्कांवरून हार्मनी गोल्ड या कंपनीशी न्यायालयीन वाद झाला आणि १९९६ मध्ये फासाने ती चित्रे आपल्या पुस्तकांतून काढून टाकली. चाहते या यंत्रांना तेव्हापासून ‘अनसीन’, म्हणजे न दिसणारी, म्हणू लागले. चित्र गेले तरी ‘वॉरहॅमर’ हे नाव, त्याचे ७० टन वजन आणि त्याच्या दोन्ही हातांतल्या कणतोफा (कणांचा झोत सोडणाऱ्या काल्पनिक तोफा) पुस्तकांत तशाच राहिल्या आणि लोक ते यंत्र खेळत राहिले. चेहरा नसलेले यंत्र केवळ नावावर टिकून राहते, याहून त्या नावाच्या कसदारपणाचा दुसरा पुरावा मी मागणार नाही.

आता खुद्द खेळाकडे वळतो. क्षेपणास्त्रे लांबवर फेकणाऱ्या मेकांची नावे पाहावीत : ‘कॅटापल्ट’, ‘ट्रेबुशे’, ‘आर्चर’. पहिली दोन जुन्या काळी किल्ल्यांच्या वेढ्यात दगडफेकीसाठी वापरल्या जाणाऱ्या यंत्रांची आहेत, तिसरे तिरंदाजाचे. तिन्हींचा अर्थ एकच, की हे यंत्र दुरून, आडोशामागून मारा करणार आणि जवळ गेलात तर गांगरणार. ‘कॅटापल्ट’ ६५ टनांचा, ‘ट्रेबुशे’ ५० टनांचा, ‘आर्चर’ ७० टनांचा. वजने वेगळी, पण तिघांशी लढण्याची रीत जवळपास सारखी, आणि ती रीत नावातूनच कळते. ‘लोकस्ट’, म्हणजे टोळ, हा २० टनांचा चपळ आणि पातळ चिलखताचा मेक आहे. ‘स्पायडर’ ३० टनांचा असून भिंती-टेकड्यांवरून उड्या मारतो. ‘किंग क्रॅब’ हा १०० टनी खेकडा आपल्या दोन्ही नांग्यांत प्रत्येकी एक सर्वांत मोठ्या व्यासाची तोफ घेऊन फिरतो, आणि त्याच्या समोर कधी उभे राहू नये हे ज्याने खेकडा पकडला आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

माझ्या मते या साऱ्यांत सर्वोत्तम नाव ‘हंचबॅक’ आहे. ५० टनांच्या या मेकच्या उजव्या खांद्यावर एक प्रचंड तोफ बसवलेली असून तिच्या आवरणामुळे त्याला कुबड आल्यासारखे दिसते. नाव शरीराचे वर्णन करते, शरीर शस्त्राची जागा सांगते, आणि शस्त्राची जागा समजली की नेम कुठे धरायचा ते समजते. उजवा खांदा फोडला की ‘हंचबॅक’चा सारा दरारा संपतो. चार अक्षरांच्या नावात शत्रूचे मर्मस्थान सांगून ठेवणारा दुसरा खेळ मला माहीत नाही.

नावापाठोपाठ येतो तो संकेतांक. ‘अ‍ॅटलस’चा एएस७-डी, ‘हंचबॅक’चा एचबीके-४जी, ‘लोकस्ट’चा एलसीटी-१व्ही. इंग्रजी नावातली ठळक अक्षरे उचलायची, त्यांना आकडा जोडायचा आणि शेवटी एखादे अक्षर लावून प्रकार सांगायचा, अशी ही पद्धत आहे. शेवटचे अक्षर अनेकदा यंत्र ज्या राजघराण्यासाठी बदलले गेले त्याचेही असते, म्हणजे डी हे डेव्हियनचे, के हे कुरिताचे, एस हे स्टायनरचे. नवख्या खेळाडूला हे संकेतांक कारकुनी वाटतात आणि तो ते वाचत नाही. तिथेच त्याची फसगत होते, कारण ‘कॅटापल्ट’चा सी१ हा प्रकार क्षेपणास्त्रे वाहतो, पण के२ या प्रकारात क्षेपणास्त्रांच्या जागी कणतोफा आहेत. नाव दगडफेक्याचे असले तरी के२ समोरासमोर लढतो. शिवाय लढाईनंतर मिळणाऱ्या मोडतोडीतून मेक उभा करायचा तर एकाच प्रकाराचे तीन भाग लागतात, सी१ चे दोन आणि के२ चा एक जोडून काम होत नाही. भंगाराची यादी वाचताना त्या टोकाच्या अक्षराकडे डोळे लावून बसायला हा खेळ शिकवतो, आणि मला ही त्याची फार चांगली युक्ती वाटते, कारण जगाचा इतिहास कुठल्याही लांबलचक निवेदनाशिवाय व्यवहारातून अंगवळणी पडतो.

सगळीच नावे या तोलाची आहेत असे नाही. ‘ऑसम’ हे ८० टनी यंत्राला दिलेले नाव मला कच्चे वाटते. तीन कणतोफा आलटून पालटून डागणाऱ्या या संथ, भक्कम मेकबद्दल ते केवळ ‘जबरदस्त’ एवढेच म्हणते. आकार, काम, स्वभाव यांपैकी काही सांगत नाही. ‘ब्लॅकजॅक’, ‘व्हिंडिकेटर’, ‘एन्फोर्सर’ ही नावेही एकमेकांच्या जागी ठेवली तर कोणाला कळणार नाही. ‘बॅन्शी’ची गोष्ट मात्र वेगळी आहे. आयरिश लोककथांत जिची किंकाळी मृत्यूची सूचना देते त्या स्त्रीचे हे नाव ९५ टनांच्या एका मेकला दिले असून, त्याच्या अंगावर शस्त्रे मात्र वजनाच्या मानाने अगदी तुटपुंजी आहेत. पटावरच्या खेळात त्यामुळे ते नाव पोकळ वाटायचे. संगणकीय आवृत्तीत हातघाईच्या लढाईला वजनाप्रमाणे बळ मिळते, आणि ‘बॅन्शी’ धावत येऊन ठोसा हाणते तेव्हा नावाला साजेसा परिणाम प्रथमच दिसतो.

नाव केव्हा दिसावे याचाही या खेळाने विचार केला आहे. शत्रू दूर असताना पटावर फक्त एक खूण असते; काहीतरी तिथे आहे एवढेच कळते. आपला टेहळणीचा मेक पुढे सरकवला, संवेदकांनी शत्रू टिपला किंवा तो नजरेच्या टप्प्यात आला, की खुणेच्या जागी नाव उमटते. पुढे पाठवलेल्या ‘लोकस्ट’ने धोका पत्करून मिळवलेली खरी कमाई म्हणजे ते नाव. समोर ‘कॅटापल्ट’ आहे की ‘हंचबॅक’ हे कळण्याआधी आणि कळल्यानंतर आपली मांडणी पूर्ण बदलते. खेळातला सर्वांत ताणाचा क्षण मला तोफा धडाडतात तो वाटत नाही, नाव उमटण्याआधीचा वाटतो.

या विश्वातील सर्वांत प्रसिद्ध नामकरण मात्र या खेळात सापडणार नाही, कारण ते कथाकाळात पाव शतकाने पुढे घडते. इसवी सन ३०४९ नंतर ‘क्लॅन’ म्हणवणाऱ्या टोळ्या अज्ञात यंत्रे घेऊन चढाई करतात. त्यांच्या एका मेकचे खरे नाव ‘टिंबर वुल्फ’, पण ते कोणाला माहीत नसते. समोरच्या मेकमधील संगणक ते यंत्र ओळखताना ‘मरॉडर’ आणि ‘कॅटापल्ट’ या दोन ओळखींमध्ये घुटमळत राहतो आणि त्या दोन्हींच्या तुकड्यांतून ‘मॅड कॅट’ हे नाव जन्माला येते. ‘डायर वुल्फ’ला ‘दाइशी’ हे जपानी नाव मिळते, ‘समनर’ला ‘थॉर’, ‘हेलब्रिंगर’ला ‘लोकी’. वापरणाऱ्याचे नाव एक आणि ज्याच्यावर ते चालून येते त्याने ठेवलेले नाव दुसरे, ही कल्पना वास्तवातून उचललेली आहे. नाटो राष्ट्रांनी सोव्हिएत विमानांना अशीच नावे ठेवली, लढाऊ विमानांना एफने आणि बॉम्बफेकी विमानांना बीने सुरू होणारी. मिग-२९ त्यांच्या लेखी ‘फल्क्रम’ झाले. आपल्या वायुदलाने त्याच विमानाला ‘बाज’ म्हटले. एका यंत्राची दोन नावे वाचली की ते कोण चालवतो आणि त्याला कोण भितो ही दोन्ही माहिती मिळते. ज्यांना क्लॅनची ही बाजू खेळायची आहे त्यांनी पिरान्हा गेम्सचा २०२४ मधील ‘मेकवॉरियर ५ : क्लॅन्स’ पाहावा; तो डावपेचांऐवजी प्रत्यक्ष मेकमध्ये बसून लढण्याचा खेळ आहे.

‘बॅटलटेक’मध्ये नावाचा आणखी एक थर आहे आणि तो खेळाडूच्या हाती सोपवलेला आहे. कार्यशाळेत प्रत्येक मेकला स्वतःचे वेगळे नाव देता येते. हे वैशिष्ट्य किरकोळ वाटेल, पण सैन्यांच्या रीतिरिवाजाशी ते अगदी सुसंगत आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या रणगाड्यातून लढता लढता धारातीर्थी पडले, त्या रणगाड्याचा वर्ग ‘सेंच्युरियन’, क्रमांक जेएक्स २०२ आणि त्याचे स्वतःचे नाव ‘फामागुस्ता’ होते. वर्ग कारखाना ठरवतो, क्रमांक खाते देते, आणि तिसरे नाव त्या एका यंत्राचे, त्यात बसणाऱ्या माणसांचे असते. ‘फामागुस्ता’ म्हटले की इतर कोणत्याही सेंच्युरियनची आठवण होत नाही. योगायोगाने या खेळातही ‘सेंच्युरियन’ नावाचा ५० टनी मेक आहे, सीएन९-ए संकेतांकाचा. त्याला आपण दिलेले नाव घेऊन तो पंधरा-वीस मोहिमा करून परततो, एक हात गमावतो, पुन्हा दुरुस्त होतो, तेव्हा तो विकून अधिक वजनाचा मेक घेण्याचा निर्णय जड जातो. इतर खेळांत जुने यंत्र विकताना असे वाटत नाही.

आता उणिवा. खेळ संथ आहे. प्रत्येक चालीनंतर कॅमेरा फिरतो, थांबतो, आणि मोठ्या लढाईत हे कंटाळवाणे होते. त्याहून मोठा दोष माझ्या विषयाशी थेट निगडित आहे. कथेच्या उत्तरार्धात ८० ते १०० टनांच्या मेकांशिवाय निभाव लागत नाही, त्यामुळे ‘लोकस्ट’, ‘स्पायडर’, ‘पँथर’, ‘जेनर’ ही सारी रसरशीत नावे कोठारात धूळ खात पडतात आणि समोर तेच ते ‘अ‍ॅटलस’ आणि ‘किंग क्रॅब’ येत राहतात. हलक्या यंत्रांना शेवटपर्यंत काम देणाऱ्या मोहिमा अधिक हव्या होत्या. संकेतांकांची पद्धतही खेळात कुठे समजावून सांगितलेली नाही. एका पानाची टीप दिली असती तरी पुष्कळ खेळाडूंचे पहिले काही तास सुकर झाले असते.

नव्याने घेणाऱ्यांनी आधी मूळ खेळच घ्यावा. त्यातला ‘रिस्टोरेशन’ हा कथाभाग पुरा झाल्यावर पुरवण्यांपैकी नोव्हेंबर २०१९ ची ‘हेवी मेटल’ प्रथम घ्यावी, कारण ‘आर्चर’, ‘रायफलमन’ ही वर सांगितलेली जुनी नावे नव्या चित्रांसह तिच्यातून खेळात परतली. त्याच पुरवणीत ‘बुल शार्क’ हा या खेळासाठी मुद्दाम घडवलेला ९५ टनी मेकही आहे. शार्कचा आक्रमकपणा आणि बैलाचा रेटा एकाच नावात आणण्याचा त्यातला प्रयत्न प्रामाणिक आहे, तरी ‘हंचबॅक’ जसा नाव ऐकताच डोळ्यांसमोर उभा राहतो तसा तो राहत नाही. पटावरचा खेळ हाताळू इच्छिणाऱ्यांसाठी कॅटलिस्ट गेम लॅब्जचा ‘अ गेम ऑफ आर्मर्ड कॉम्बॅट’ हा संच आहे. त्यात ‘लोकस्ट’, ‘कॅटापल्ट’ आणि ‘ऑसम’ यांच्यासह आठ प्रतिकृती मिळतात, आणि लहान मुलांना सोबत घेऊन बसायचे असेल तर सुरुवात तिथून करणे मला अधिक योग्य वाटते.