साताऱ्याच्या चढावर दोन मुलांसह: जुन्या विजेच्या कार्गो सायकलचा अकरा महिन्यांचा अनुभव

आमचे घर समर्थ मंदिराच्या बाजूला आहे आणि मुलांची शाळा पोवई नाक्याच्या पलीकडे, म्हणजे सकाळी सगळा उतार आणि दुपारी, मुले दमलेली असताना, सगळा चढ. नऊ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा यांना स्कूटरवर पुढे-मागे दाटीने बसवून नेणे मला कधीच पटले नाही, म्हणून लांब कॅरिअरची, दोन मुले एकामागे एक नीट बसू शकतील अशी विजेची सायकल घेतली. ती नवी नाही, पुण्यातल्या एका कुटुंबाने दोन वर्षे वापरलेली आहे. अकरा महिने झाले, त्यात एक अख्खा पावसाळा गेला, त्यामुळे आता खात्रीने लिहिता येईल.

अशा सायकलींचे दोन ढोबळ प्रकार आहेत. एकात मुले पुढच्या पेटीत बसतात. डेन्मार्कमधल्या कोपनहेगनची ख्रिस्तियानिया ही तीनचाकी 1984 पासून त्यासाठीच प्रसिद्ध आहे आणि नेदरलँड्समध्ये पेटीवाल्या दुचाकी सर्रास दिसतात. पण ते सपाट देश आहेत. मोती चौकातल्या गर्दीतून रुंद पेटी काढणे आणि आमच्या बोळात ती उभी करणे, दोन्ही अशक्य होते. लांब कॅरिअरची सायकल साध्या सायकलीइतकीच रुंद असते, तिची चाके 20 इंची असल्याने मुलांचे वजन खाली राहते आणि मला जमिनीवर दोन्ही पाय टेकवता येतात. तेवढ्यावर माझी निवड ठरली.

मोटारीचा विचार मात्र मी हिशेब मांडून केला. सायकल, मी, दोन्ही मुले आणि दप्तरे मिळून सुमारे 150 किलो वजन होते. पाच टक्क्यांच्या चढावर ताशी 12 किलोमीटर वेगाने हे वजन न्यायचे तर चाकाला साधारण 300 वॅट लागतात. त्यातले शंभरेक मी पायडल मारून देते, उरलेले मोटारीने द्यायचे. आपल्याकडे नोंदणी आणि लायसन्सशिवाय चालणाऱ्या सायकलीला 250 वॅट आणि ताशी 25 किलोमीटर ही मर्यादा आहे, आणि त्या मर्यादेत हे काम होते. अट एवढीच की चढावर वेग फार पडू देऊ नये, कारण चाकाच्या हबमधली, म्हणजे मधल्या तुंब्यातली मोटार अगदी सावकाश फिरताना वीज जास्त ओढते आणि तापते. यात लहान चाक मदतीला येते, कारण त्याच वेगाला ते जास्त फेरे घेते. वेगमर्यादा काढून देण्याची तयारी एकाने दाखवली होती; मुले मागे बसणार असल्याने मी ती ऐकूनही घेतली नाही.

जुनी सायकल घेताना खरी परीक्षा बॅटरीची असते, आणि ती फसवी असते. मालकांनी मीटर लावून 54.6 व्होल्ट दाखवले आणि बॅटरी नव्यासारखी आहे असे सांगितले. 48 व्होल्टच्या बॅटरीत तेरा सेल एकापुढे एक जोडलेले असतात आणि प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्ट दाखवतो, म्हणून थकलेली बॅटरीसुद्धा भरल्यावर 54.6 व्होल्टच दाखवते. तिच्यात वीज किती मावते हे त्यावरून कळत नाही. मी त्यांना सायकल आपोआप बंद पडेपर्यंत चालवायला सांगितले आणि दुसऱ्या दिवशी वीज मोजणारा प्लग घेऊन गेले. 48 व्होल्ट, 15 अँपिअर-अवर म्हणजे 720 वॅट-अवर, म्हणजेच 0.72 युनिट. चार्जरमधली गळती धरून भिंतीतून जवळजवळ 0.8 युनिट जायला हवे होते. हिरवा दिवा लागला तेव्हा प्लगवर 0.47 युनिटचा आकडा होता. आम्ही दोघेही काही क्षण त्या आकड्याकडे पाहत राहिलो. त्या सद्गृहस्थांनी वाद न घालता 65,000 रुपयांवरून 52,000 वर येणे मान्य केले.

तरीही मी ती बॅटरी चालवून पाहिली. सपाटीवर ठीक होती, पण दुपारी राजवाड्याकडे चढताना पडद्यावरच्या पाचपैकी तीन रेघा एकदम जायच्या आणि थांबल्यावर परत यायच्या. दुसऱ्याच महिन्यात मोटार मध्येच बंद पडली आणि मी मुलांना उतरवून सायकल ढकलत आणली. नव्या बॅटरीला 24,000 रुपये लागले. आता रोजचे 16 किलोमीटर होऊनही एक दिवसाआड चार्ज केले तरी पुरते. चार्जिंग दिवसा, घरात कोणी जागे असतानाच करते.

ब्रेकबद्दल मात्र मी तडजोड करू नका असेच सांगेन. पुण्याच्या मानाने आमच्याकडचा उतार वेगळाच आहे. तारेवर चालणारे डिस्क ब्रेक होते. पहिल्याच आठवड्यात खालच्या रस्त्याने उतरताना लिव्हर जवळजवळ मुठीला टेकला आणि माझ्या तळव्यांना घाम फुटला. त्याच संध्याकाळी मी सायकल बाजूला ठेवली आणि 7,500 रुपये खर्चून दोन्ही चाकांना मोठ्या चकतीचे हायड्रॉलिक, म्हणजे तारेऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक बसवून घेतले. लिव्हर बदलताना, ब्रेक दाबताच मोटार बंद करणारा स्विच नव्या लिव्हरमध्येही आहे याची खात्री करावी. आमच्या कारागिराने तो आधी वगळला होता. पॅड मी अकरा महिन्यांत तीनदा बदलले.

मागच्या चाकाचे चार स्पोक तुटले, तेव्हा जाड स्पोक घालून चाक नव्याने बांधून घेतले. त्याचे 2,800 झाले. मुलांचे पाय आणि माझी ओढणी चाकात जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना जाळी आहे, ती नसेल तर सायकल घेऊच नये. रुंद डबल स्टँडही तितकाच गरजेचा आहे, कारण मुले चढताना सायकल एका बाजूला कलते. पावसात मोटारीची वायर हबच्या खाली वळसा घेऊन वर जाईल अशी बांधली, त्यामुळे पाणी आत गेले नाही.

एकूण खर्च 86,300 रुपये झाला. अशाच नव्या सायकलीची मला सांगितलेली किंमत 1,30,000 होती. ज्यांच्या जवळ चाक बांधणारा आणि ब्रेक समजणारा कारागीर नाही त्यांनी नवीच घ्यावी, कारण ती वॉरंटीसह येते. माझी मुलगी आता वाढली आहे. कॅरिअरवर 60 किलोची मर्यादा लिहिली आहे आणि दोघांचे मिळून वजन 46 झाले आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघांना काट्यावर उभे करते आणि तो आकडा चार्जरशेजारच्या वहीत लिहून ठेवते.