केस उपटण्याच्या सवयीसाठी समुपदेशन गट : दहा आठवड्यांचा अनुभव

वाचताना किंवा फोनवर बोलताना डोक्यावरचा एखादा जाडसर केस चाचपून उपटायचा, ही सवय मला शाळेपासून आहे. तिला वैद्यकीय भाषेत ट्रायकोटिलोमेनिया म्हणतात. त्यासाठी चालणाऱ्या एका समुपदेशन गटात मी नुकतेच दहा आठवडे पूर्ण केले.

गटात शिकवली जाणारी पद्धत नवी नाही. नेथन अझरिन आणि ग्रेगरी नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे : हात केव्हा वर जातो हे टिपायचे आणि तसे होताच थोडा वेळ मूठ घट्ट मिटून धरायची. हेच मी पूर्वी दुसऱ्या एका समुपदेशकांकडे शिकले होते. परंतु तिथे दर भेटीत नोंदींची वही तपासली जाई आणि उपटलेल्या केसांचा आकडा वाढलेला दिसला की "तुम्ही मनावरच घेत नाही" असे ऐकावे लागे. तिसऱ्या आठवड्यापासून मी आकडे कमी करून लिहू लागले. नोंदच खोटी झाल्यावर हात नेमका कधी वर जातो, हे मला तरी कसे कळणार?

या गटात वही कोणी मागत नाही. चौथ्या बैठकीत मी आपण होऊन डोक्यावरचा रुमाल सोडला आणि "काल ४२" एवढेच म्हणाले. समुपदेशिकेने शांतपणे विचारले, "तेव्हा कुठे बसला होता?" आरशासमोर, घरातल्या भांडणानंतर, दार लावून. हे मी आजवर कुणालाही सांगितले नव्हते. त्याच आठवड्यात मी आरशावरचा प्रखर दिवा काढला आणि भांडणानंतर खोलीत एकटीने बसायचे टाळले. ताण असताना मेंदू विचारपूर्वक कृतीपेक्षा अंगवळणी पडलेल्या कृतीकडे झुकतो, हे प्रयोगांत दिसून आले आहे. त्यामुळे रागावून सवय सोडवू पाहणारे तिला बळच देतात, असे माझे ठाम मत झाले आहे.

एक तक्रार मात्र आहे. सहाव्या आठवड्यात पूर्वसूचना न देता दोन नवे सदस्य आले आणि त्या दिवशी आम्ही जुने सगळेच गप्प राहिलो. ही गोष्ट मी सांगितल्यावर समुपदेशिकेने ती मान्य केली.

केस उपटणे पूर्ण थांबलेले नाही, पण आता वहीतला प्रत्येक आकडा खरा आहे. ज्यांना बोलायचे नसेल त्यांनाही इथे नुसते बसता येते. पहिले तीन आठवडे मीही तशीच बसले होते.