बूट-रिपेअर की हाताने ग्रबची दुरुस्ती?

विंडोजच्या अपडेटनंतर उबुंटू (एक लिनक्स प्रणाली) निवडण्याचा मेन्यू, म्हणजे ग्रब या बूट-लोडरचा पडदा, दिसेनासा झाला, तेव्हा दादरच्या एका सहकाऱ्याने बूट-रिपेअर हे आपोआप दुरुस्ती करणारे साधन वापरावे की ग्रब हाताने दुरुस्त करावा, असे विचारले. त्याआधी यूईएफआयमधील (संगणक सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधील) बूट क्रम तपासावा. पुष्कळदा विंडोज केवळ पहिल्या क्रमांकावर सरकलेले असते.

खर्च दोन्हींत सारखाच, लाइव्ह उबुंटू (डिस्कवर न बसवता थेट चालणारे उबुंटू) ठेवण्यासाठी लॅमिंग्टन रोडवर सहज मिळणाऱ्या पेनड्राइव्हपुरता. बिटलॉकर (विंडोजची डिस्क कूटबद्ध करणारी सोय) चालू असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की मात्र हाताशी हवीच.

श्रमांत बूट-रिपेअर सरस आहे: लाइव्ह उबुंटूत इंटरनेटवरून ते बसवले की शिफारशीची दुरुस्ती एका बटणावर सुरू होते. मात्र नेमके काय बदलले, हे त्याचा लांबलचक अहवाल वाचल्याशिवाय कळत नाही, आणि तो वाचण्याचा उत्साह फार थोड्यांना असतो.

हाताने करताना लाइव्ह उबुंटूतून डिस्कवरच्या उबुंटूचे मूळ विभाजन आणि ईएफआय विभाजन (बूट-लोडर जिथे असतो ते) माउंट करून, म्हणजे जोडून, सीएचरूट या आदेशाने त्या उबुंटूच्या आत शिरून ग्रब पुन्हा बसवावा लागतो. यात वेळ जातो, पण प्रत्येक बदल आपल्या नजरेखाली राहतो. शिवाय ग्रब २.०६ पासून इतर प्रणालींचा शोध मुळात बंद असल्याने, विंडोज मेन्यूतून गायब झाल्यास हा शोध घेणारा ओएस-प्रोबर कुठे चालू करायचा हे उमगते.

टर्मिनलची सवय नसलेल्या, एकच डिस्क असलेल्यांनी बूट-रिपेअर घ्यावे. अनेक डिस्क किंवा कूटबद्ध विभाजने असणाऱ्यांनी हाताचाच मार्ग धरावा.