सेन्सरचा न्याय की पंचांचा?

मोटोजीपीत (मोटरसायकल रेसिंगची जागतिक स्पर्धा) शिक्षा दोन पद्धतीने होते, एक आकडा बघून आणि एक माणूस व्हिडिओ बघून ठरवतो. कतारची २०२५ची रेस घ्या, रायडर विन्यालेस दुसरा आला, पोडियमवर नाचला, आणि नंतर पुढच्या टायरचं प्रेशर कमी होतं म्हणून त्याच्या वेळेत १६ सेकंद वाढवले की थेट चौदावा! नियम असाय की किमान ६०% लॅप प्रेशर ठरलेल्या आकड्याच्या वर पाहिजे. कोण रायडर, कुठली टीम, सेन्सरला काय घेणंदेणं. त्याच वर्षी थायलंडला मार्केझने तर मुद्दाम भावाला पुढे सोडलं, का तर त्याच्या गाडीमागच्या गरम हवेत आपले टायर तापून प्रेशर वाढावं म्हणून 😄 आणि तरीही रेस जिंकला.

आता दुसरी बाजू, पंचांचा निर्णय: मलेशियातली सेपांगची रेस, २०१५. रॉसीने मार्केझला वळणावर बाहेर ढकलत नेलं, मार्केझ पडला. रॉसीने लाथ मारली का नाही यावर अजून भांडणं चालू आहेत. रॉसीला ३ पेनल्टी पॉइंट दिले, आधीचा १ होताच, एकूण ४ झाले म्हणून वॅलेन्सियाच्या शेवटच्या रेसला शेवटून स्टार्ट, चौथा आला आणि चॅम्पियनशिप ५ पॉइंटने त्याचा प्रतिस्पर्धी लोरेन्झोकडे. रॉसीवाले म्हणतात अन्याय, बाकीचे म्हणतात तिथेच काळा झेंडा दाखवायला, म्हणजे रेसमधून बाद करायला हवं होतं.

मला विचाराल तर प्रेशरचा नियम रटाळ आहे पण सगळ्यांना सारखाच लागतो. फक्त धडक कोणाच्या चुकीने झाली हे सेन्सर काय डोंबल सांगणार, तिथे पंचच लागतात.