डिझेल पिकअपचे फ्युएल फिल्टर: काही महिने वापरून झाल्यावर

फ्युएल फिल्टर घेताना मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग; फिल्टर किती बारीक कण अडवतो त्याचं माप) किती ते बघा, असं जो तो सांगतो. माझ्या कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल देणाऱ्या) डिझेल पिकअपवर तीन वेगवेगळ्या जातीचे फिल्टर चालवून झाल्यावर माझा क्रम उलटा आहे. आधी फिल्टर पाणी कितपत वेगळं करतो ते बघायचं, मग सील, आणि मायक्रॉन शेवटी.

मायक्रॉनला किंमत नाही असं नव्हे. या इंजिनांत रेलमधला दाब 1600 ते 2000 बार किंवा त्याहूनही जास्त असतो आणि इंजेक्टरच्या आतल्या फटी दोन-चार मायक्रॉनच्या. डोळ्याला न दिसणारा कणही तिथे धातू घासत राहतो. पण खोक्यावरचा नुसता '5 मायक्रॉन' तसा काहीच सांगत नाही. त्या मापाचे किती कण अडतात, हा खरा प्रश्न. त्यासाठी बीटा रेशो बघायचा, म्हणजे त्या मापाचे फिल्टरच्या आधीचे कण भागिले फिल्टरनंतर उरलेले कण. बीटा 2 म्हणजे निम्मे कण सरळ पुढे गेले, बीटा 75 म्हणजे 98.7 टक्के अडले, बीटा 200 म्हणजे 99.5 टक्के. जो उत्पादक हा आकडा देतच नाही, त्याचा 5 मायक्रॉन मी धरत नाही.

सुरुवात स्वस्तातल्या साध्या कागदी फिल्टरने केली. रिकामी गाडी मजेत पळायची, पण लोड भरून चढ लागला की जीव काढायची. फिल्टर बदलल्यावर जुना कापून पाहिला. घड्या फुगून एकमेकींना चिकटलेल्या, मधे डिझेल जायला जागाच नाही, आणि एका टोकाला घडीचं चिकटवण सुटलेलं. कागद पाणी पितो आणि फुगतो. फुगला की पुढे जाणाऱ्या डिझेलचा दाब कमी होतो, आणि चिकटवण सुटलं तर न गाळलेलं डिझेल थेट पुढे. असा फिल्टर चांगला नाही म्हणण्यात मला काही संकोच नाही.

दुसरा गाडीच्या कंपनीचा मूळ फिल्टर. यात सिंथेटिक थर आहे. बारीक थेंब त्यावर एकत्र येऊन मोठे होतात आणि खाली बसतात. पाणी काढायचा स्क्रू काचेच्या बरणीवर सैल केला, तर आधी खालचं गढूळ पाणी आलं, मागून पिवळसर स्वच्छ डिझेल, आणि मधे दुधट रेघ. पाणी असं खाली वेगळं साचलं म्हणजे फिल्टर आपलं काम करतोय. डिझेलमध्ये बायोडिझेल मिसळलेलं असेल तर पाणी सहजी सुटत नाही, म्हणून मी डॅशबोर्डवरच्या पाण्याच्या इशारा-दिव्याची वाट बघत नाही, अधूनमधून स्क्रू उघडतोच. शिवाय साचलेल्या पाण्याच्या आणि डिझेलच्या सीमेवरच जंतू वाढतात. फिल्टरमध्ये काळी बुळबुळीत साय दिसली तर ती त्यांची. मग फिल्टर बदलून भागत नाही, टाकी साफ करावी लागते.

तिसरा, 2 मायक्रॉनचा महागडा. गाळतो उत्तम, पण एकट्याने सगळी घाण खायला लावली तर लवकर चोंदतो. म्हणून पुढे टाकीच्या बाजूला पारदर्शक बाउलवाला 30 मायक्रॉनचा प्री-फिल्टर बसवला आणि मुख्य जागी पुन्हा मूळ फिल्टर ठेवला. ओढीच्या बाजूला (टाकी ते पंप या भागात) बारीक गाळणी नकोच, पंपाला डिझेल ओढताना त्रास होतो. जाड घाण आणि पाणी आधी, बारीक गाळणी नंतर, ही जोडी मला सर्वात पटली. मात्र ओढीच्या बाजूला जितके सांधे जास्त तितकी हवा घुसायला वाट जास्त. प्री-फिल्टर लावल्यावर सकाळी स्टार्टर लांबवर फिरायला लागला, तो होज क्लिप नीट आवळल्यावर थांबला. गाडी वॉरंटीत असेल तर जास्तीचं काही जोडण्याआधी विचारून घ्यावं.

बदलताना एक नक्की पाहायचं: जुनी ओ-रिंग (सील करणारी रबरी कडी) फिल्टर हेडलाच, म्हणजे फिल्टर जिथे बसतो त्या भागालाच, चिकटून तर राहिली नाही ना. वर नवी बसली की दोन रिंगा होतात आणि गळती ठरलेली. नव्या रिंगला बोटाने स्वच्छ डिझेल लावावं, हाताने आवळावं, पान्याचा जोर नको. मुख्य फिल्टर बाहेरून डिझेल ओतून भरायची सवय अनेक मिस्त्रींना असते. ते डिझेल फिल्टरच्या मधल्या भोकातून आत गेलं तर गाळलेल्या बाजूला पोचतं, म्हणजे त्यातली घाण सरळ इंजेक्टरच्या वाटेला. हातपंपाने भरून हवा काढायची, चार मिनिटं जास्त लागतील एवढंच.

आता लोडवर चढ चढताना गाडी दबत नाही. ॲव्हरेज वाढला का, तर नाही, आणि तसं सांगणाऱ्या फिल्टरवर विश्वासही ठेवू नये. तक्रार एकच आहे: प्री-फिल्टरचा नॉब चासीच्या बाजूला तोंड करून बसलाय, त्यामुळे पाणी काढताना हात कोपरापर्यंत डिझेलने माखतो. पुढच्या वेळी ब्रॅकेट फिरवून लावणार.