आईचा फ्लॅट, नोंदणी आणि न उठणारा अंगठा

अकरा महिन्यांचा तर करार, नोटरी केली की झालं, असं आमच्या घरी वर्षानुवर्षं चाललं होतं. आईच्या फ्लॅटचे आधीचे दोन भाडेकरू तसेच राहून गेले. या वेळी नव्या भाडेकरूनेच नोंदणीकृत करार मागितला, म्हणून भाडेकरारांचं काम करणाऱ्या एका सल्लागाराकडे गेलो.

फी आम्ही देणार, तरी पहिला अर्धा तास खरडपट्टी आमचीच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५. महिने कितीही असोत, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि जबाबदारी घरमालकाची. चुकलं तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मला दंडापेक्षा दुसरीच गोष्ट टोचली. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच धरून चालतात. ते खोटं आहे हे दाखवायचं काम आपलं. म्हणजे आधीच्या दोघांनी मनात आणलं असतं तर...

मी नेलेल्या मसुद्यात ‘रंगकाम व इतर खर्च मालकाच्या मर्जीप्रमाणे डिपॉझिटमधून कापला जाईल’ असं होतं. त्यांनी ‘मर्जीप्रमाणे’वर काट मारली. भिंत राहून मळतेच, खिळे ठोकून भगदाड पाडलं तर ते वेगळं, असं म्हणाले. मला तेव्हा राग आला होता, हे लिहून टाकते. पण मुदत संपूनही जागा सोडली नाही तर कलम २४ खाली भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते, हेही त्यांनीच सांगितलं.

नोंदणी घरी येऊन केली. लॅपटॉप, कॅमेरा, अंगठ्याचं यंत्र. आईचा अंगठा काही उठेना! हात धुतले, पुसले, बोटं बदलली. बाई एकाहत्तर वर्षं भांडी घासतेय, रेषा उरतील कुठून? आलेला मुलगा न कंटाळता पाऊण तास बसला. शेवटी डाव्या हाताच्या मधल्या बोटाने आमची सुटका केली.

तक्रार पावतीची. मुद्रांक शुल्क, शहरी भागातली १००० रुपये नोंदणी फी आणि त्यांचा मेहनताना, सगळं मिळून एकच आकडा. फोड मागितल्यावर मिळाली, पण मागावी लागली. दुसरं म्हणजे भाडेकरूचा सल्लागारही तेच. त्याने लॉक-इनबद्दल, म्हणजे ठरावीक काळ जागा सोडता न येण्याच्या अटीबद्दल, विचारलं तेव्हा उत्तर जरा गुळमुळीत आलं, आणि मी गप्प बसले, कारण ते माझ्या फायद्याचं होतं. करार करायला मी पुन्हा त्यांच्याकडेच जाईन. भांडण झालं तर मात्र त्याने आणि मी, दोघांनी आपापला वकील बघावा.